वसुमतीअक्काची भीड

माझी चुलतबहीण वसुमतीअक्का बनशंकरीत राहते आणि कुणालाही वाईट म्हणत नाही. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मला विचाराल तर ती निव्वळ भीड आहे. शिंप्याने ब्लाऊज आखूड शिवला तरी कानडी-मराठीत ‘सरी, चालेल’ म्हणून घेऊन येते आणि कपाटात टाकते.

ब्लाऊजवरच्या मशीन भरतकामाची डिझाइन्स ती घरी बसून करते. त्यासाठी तिने महांतेशकडून सुट्या भागांचा कॉम्प्युटर जोडून घेतला. महांतेश बेळगावकडचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीत मोबाइलच्या दुकानात कामाला. व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटर जोडायला शिकलेला. मराठी बोलतो म्हटल्यावर अक्का विरघळलीच.

कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी तापून बंद पडला. मग रोज पडू लागला. अक्काने त्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. महांतेशने फोनवर विचारलं, तर म्हणाली, एकदम छान चाललाय. मी शेजारीच होते. डोळे वटारले, तर मलाच म्हणे, आपल्यातला आहे, नवीन धंदा आहे, कशाला नाउमेद करायचं? तिथे थांबली असती तरी ठीक. पण हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढेही तिने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. तिच्या शब्दावर घरोघरी महांतेशचे कॉम्प्युटर गेले आणि त्या जोरावर त्याने नोकरी सोडली.

त्यातला एक धनलक्ष्मीने घेतला. ती मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. ऐन परीक्षेच्या दिवसांत तो शिकवता शिकवता बंद पडू लागला आणि पालकांनी मुलं काढून घेतली. धनलक्ष्मीला कसली भीडबीड नाही. तिने महांतेशला बोलावून चांगलंच झाडलं. त्याने उघडून पाहिलं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते बसवण्याआधी सोलून काढायचं असतं. त्याने ते एकाही कॉम्प्युटरमध्ये काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो अक्काकडे आला. टेबलफॅनकडे एकदा बघितलं आणि कूलर काढला. खाली तेच प्लास्टिक होतं, सुरकुतून पिवळं पडलेलं.

“हा कधीपास्नं बंद पडतोय, अक्का?”

“पहिल्या दिवसापासून. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही रे.”

“तवाच तुमी सांगितलं असतं, तर चूक तुमच्या एकटीच्या घरात राहिली असती बघा.”

तो चिडला नाही. चिडला असता तर अक्काला बरं वाटलं असतं. ती पदराने डोळे पुसत राहिली. धनलक्ष्मीची मुलं माझ्यामुळे गेली, याचं नाव मीच घालवलं, वर याला नोकरी सोडायला लावली, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला समजवावं असं मला वाटलं, पण समजवायला खोटं बोलावं लागलं असतं.

महांतेशने प्लास्टिक काढलं, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, कूलर घट्ट बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला. अक्काने तिचं सगळ्यात जड डिझाइन उघडलं, बराच वेळ काम केलं. तो बंद पडला नाही.

“आता छान चाललाय,” ती म्हणाली.

महांतेशने मान हलवली. मग हळूच माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, खरंच चाललाय काय?”

अक्का समोरच बसून ऐकत होती.