फांदी बांधून काढलेला फोटो

आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियम होता. तो कुणी केला ते माहीत नाही, पण मोडायची संधी फारशी येत नसे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांवर एका सभासदाची मोठी खोली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी तिथे आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. कुणी बँकेतले, कुणी शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, मी सरकारी कचेरीत कारकून. प्रत्येकाने सहा स्लाइड आणायच्या. खिडक्यांना चादरी बांधल्या की प्रोजेक्टर सुरू व्हायचा. आपली स्लाइड पडद्यावर आली की उभं राहायचं, पक्षी किंवा प्राणी कोणता, कुठे, किती वाजता, कोणत्या लेन्सने एवढं सांगायचं, आणि मग बाकीच्यांचं ऐकायचं. ऐकायचं म्हणजे सोसायचं. एकदा मी पाषाणच्या तलावावरचा बगळा दाखवला, तर मागून शांतपणे प्रश्न आला, "तलाव छान आलाय. बगळा केव्हा येणार आहे?" त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोवर चिडलो. तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

प्रश्न विचारणारे गृहस्थ शास्त्राचे निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. वर्षातून एकदा मंडळाचं प्रदर्शन भरायचं आणि त्यासाठी फोटो सरच निवडत. दोन वर्षांत माझा एकही निवडला गेला नव्हता. मी वरवर म्हणायचो की आपल्याला प्रदर्शनाचं काही नाही, आपण छंद म्हणून करतो. हे साफ खोटं होतं. मला त्या भिंतीवर जायचंच होतं.

त्या वर्षी खराडीला मला नाचऱ्याचं घरटं सापडलं. नाचरा म्हणजे चिमणीएवढा, काळपट, शेपटीचा पंखा उघडून सारखा इकडेतिकडे नाचणारा पक्षी. खराडी तेव्हा निव्वळ शेतीची होती. नदीकडेच्या एका मळ्यात लिंबाचं झाड होतं आणि त्यावर चहाच्या कपाहून लहान, कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेलं घरटं. आत तीन पिल्लं. मळ्याच्या मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि त्यांनी मला झाडाखाली बसायची परवानगी दिली. एवढंच नव्हे, म्हशीला त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

अडचण एकच होती. घरट्यासमोर पानांनी भरलेली एक फांदी येत होती. अशा वेळी आम्ही लोक फांदी तोडत नसू. ती सुतळीने बाजूला बांधायची, फोटो काढायचे आणि निघताना सोडून द्यायची. फांदी म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर, हे मंडळात नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगत. मलाही सांगितलं होतं, आणि पुढे मी ते दुसऱ्यांना ऐटीत सांगायचो.

मी फांदी बांधली, गोणपाटाच्या आडोशाला बसलो. साडेआठच्या उन्हात मादी आली, तिन्ही चोची एकदम उघडल्या, आणि मी बटण दाबत सुटलो. रोलमधला छत्तिसावा, शेवटचा फोटो झाला तेव्हा घड्याळात सव्वानऊ वाजले होते. दहाला कचेरी. आमचे साहेब उशिरा येणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. गोणपाट गुंडाळलं, कॅमेरा पिशवीत टाकला, स्कूटरला किक मारली.

रोल धुण्यासाठी मुंबईला पाठवावा लागे. तीन आठवड्यांनी स्लाइड आल्या. एक तर अशी आली होती की मी ती खिडकीपाशी धरून बायकोला चार वेळा दाखवली. शनिवारी ती पडद्यावर आली तेव्हा कुणी एकही खोट काढली नाही. मादीच्या चोचीतल्या माशीचे पायसुद्धा दिसत होते. मी सगळी माहिती सांगितली. सर म्हणाले, "बरा आहे. प्रदर्शनाला घेऊ."

मी खाली बसणार तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "समोर काहीच पान नाही. फांदी बांधली होती?"

"हो."

"सोडलीत ना निघताना?"

प्रोजेक्टरचा पंखा फिरत होता. मला सुतळी आठवली, गाठ आठवली, आणि ती सोडल्याचं काही केल्या आठवेना. कारण मी ती सोडलीच नव्हती.

"सोडली," मी म्हटलं.

पुढची स्लाइड लागली. ती कशाची होती ते मला तेव्हाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराडीला गेलो. रस्ताभर मनाची समजूत घालत होतो की पिल्लं मोठीच होती, चार-सहा दिवसांत उडाली असतील. सुतळी तशीच होती. बांधलेल्या फांदीची पानं वाळून तपकिरी झाली होती. घरटं एका बाजूने फाटलेलं.

मावशी गोठ्यातून आल्या. मी विचारलं, "पिल्लं उडाली का, मावशी?"

"कुठली उडत्यात. तुमी गेला आन दुपारधरनं ऊन पार घरट्यावर. आई बसायची पंख पसरून. दुसऱ्या दिशी कावळ्यांनी बघितलं. उघडंच व्हतं की."

त्याच पुढे म्हणाल्या, "मी दोरी सोडणार व्हते, दादा. दोनदा हात लावला. पर म्हनलं, शिकलेला मानूस हाय, पाखरांचं त्यालाच ठावं. कायतरी कारन असंल. तुमची दोरी मी कशी सोडू?"

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूरही नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या, कारण काय होतं. मी म्हटलं, "काही कारण नव्हतं, मावशी. मी विसरलो." त्या कामाला निघून गेल्या. चहा विचारला नाही. एरवी विचारल्याशिवाय राहत नसत.

तिथून मी तसाच सरांच्या घरी गेलो. ते पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"मग काल 'सोडली' म्हणालात ते?"

"खोटं बोललो. फोटो मागे घेतो. प्रदर्शनाला नको."

सरांनी पेपरची घडी घातली. "ते सोपं आहे. फोटो काढून घेतलात की विषय संपला, तुम्ही मोकळे. नाही, फोटो लागू दे. खाली कार्डावर काय झालं ते लिहा."

मला त्यांचा मनस्वी राग आला. दोन-तीन दिवस मी मंडळ सोडण्याचे बेत केले. शेवटी प्रदर्शनाच्या सकाळी कार्ड लिहिलं आणि फोटोखाली टाचलं: 'नाचरा, खराडी. फोटोसाठी बाजूला बांधलेली फांदी सोडायची राहिली. नंतर कावळ्यांनी पिल्लं नेली.'

सर हात मागे बांधून भिंतीवरचं सगळं बघत आले. माझ्या फोटोपाशी थांबले, चष्मा वर करून कार्ड वाचलं.

"कावळ्यांना कशाला यात ओढताय?" ते म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे गेले.

मी कार्ड काढलं, टेबलाशी बसून दुसरं लिहिलं. 'नाचरा, खराडी. फांदी बांधून फोटो काढला. ती सोडायला मी विसरलो. माझ्यामुळे तिन्ही पिल्लं मेली.' एवढं लिहायला अर्धा तास लागला.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. पहिले दोन दिवस मी समोरच्या भिंतीजवळ, दुसऱ्याच कुणाच्या हरणांपाशी उभा राहिलो. लोक माझ्या फोटोपाशी यायचे, वा म्हणायचे, मग वाकून कार्ड वाचायचे. काहीजण परत फोटोकडे बघायचे, काही न बघता पुढे जायचे. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही 'वा' ऐकून बरं वाटत होतं. त्याची लाज जास्त होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क बाई आल्या. बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग कार्ड वाचलं, पर्समधून रुमाल काढला आणि हॉलकडे वळून मोठ्याने विचारलं, "हा फोटो कुणी काढलाय?"

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मंडळातले सगळे आपापल्या फोटोंकडे बघत होते, सरसुद्धा. मी हॉल ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मी."