आतली कडी

शहरातल्या एका दवाखान्यात मला संध्याकाळची पाळी लागली आणि गंगापूरला घरी जायची शेवटची जीप वरचेवर चुकू लागली. वडिलांनी बजावलं, धड खोली मिळाली नाही तर नोकरी सोडून घरी बस. नोकरी मला जिवापाड हवी होती. त्यामुळे मी घाईत होते, आणि घाईत माणूस कसली चौकशी करतो?

मुलींना खोल्या दाखवणारा एक मध्यस्थ फोनवर भेटला. त्यानं आधी गाव विचारलं. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आमच्यात ही रीतच आहे. अनोळखी माणूस भेटला की गाव, मग आजोळ, मग सोयरे विचारत जायचं. कुठंतरी नातं निघतंच, आणि पाव्हणं निघालं की माणूस आपला. मी आजोळ सांगितलं, आत्या कुठं दिली ते सांगितलं, आमचं घर गावात कुठल्या अंगाला आहे तेही सांगून मोकळी झाले.

"व्हय का? मंग म्या तुजा मामाच लागतो की," तो म्हणाला. मी खुशीत घरी कळवलं, आपल्यातलाच माणूस आहे.

हर्सूलकडच्या एका नव्या इमारतीत त्यानं मला नेलं. भर दुपार होती. खालचे गाळे अजून रिकामेच होते.

"तीन पोरी ऱ्हातात हितं. सुट्टीला गावाकडं गेल्यात," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात डोकावले. ओटा कोरडा ठणठणीत, साधा मिठाचा डबा नाही. दोरीवर ओढणी नाही. न्हाणीच्या जाळीत एक केस नाही. कॉलेजात असताना मी वसतिगृहात राहिले होते. तीन मुली राहतात आणि जाळीत केस नाही, हे मला कोण पटवणार?

तरी खोली बघायला आत गेलेच. मामा म्हटलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं. दाराला बाहेरून दणकट कडी होती. आतून नव्हती. जिथं असायला हवी तिथं स्क्रूची भोकं पुट्टीनं बुजवलेली. आमच्याकडं कोकरं कोंडायच्या खोपीला अशीच बाहेरून कडी असते.

तो दारातच उभा होता. ओरडले असते तर ऐकायला कुणी नव्हतं. तेवढ्यात मनात आलं, याचं नातं तरी तपासून बघू.

"मामा, खुलताबादच्या आमच्या मावशीला वळखता ना? दुकान हाय तिचं."

"तिला कोण नाय वळखत? परवाच तिच्या हातचा चहा पिऊन आलो."

मला मावशी नाही. माझी आई भावांत एकटीच. तोवर मनाचा एक कोपरा म्हणत होता, उगीच घाबरतेस; तो कोपरा गप्प झाला. आता मी खरी घाबरले. या माणसाला माझं जे काही ठाऊक होतं, ते सगळं मीच त्याला सांगितलेलं होतं.

मी फोन कानाला लावला. पलीकडं कुणीच नव्हतं. "मावशी, आलीस का खाली? थांब, मामा हायेत इथं. तुला वर न्यायला येते."

त्यानं जिन्याकडं पाहिलं, मग दारातून बाजूला झाला. त्याला अंग लागू न देता मी निघाले, जिना सावकाश उतरले आणि रस्ता लागल्यावर जी पळाले ती थेट रिक्षापर्यंत.

घरी सांगितलं, खोली पसंत पडली नाही. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. पण पुढं कित्येक दिवस अंगणाबाहेर गाडी थांबली की मी आत जाऊन बसायची. घर कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं.

पुढं दवाखान्यातल्याच दोघींबरोबर मला जागा मिळाली. परवा तिथं एक नवी मुलगी खोली बघायला आली, पिशवी छातीशी धरून.

"ताई, तुम्ही कुनीकडच्या?" तिनं विचारलं.

"ते मागनं सांगते. आधी आत जा आन् कडी लाव."

तिनं लावली. मी बाहेरून दाराला खांदा लावून ढकललं.

"अजून जोरात ढकला, ताई," ती आतून म्हणाली.