जिचा खून झाला, तिची गोष्ट

वत्सलाताई इंगोले गेल्याचा फोन आला तेव्हा वाचनालयात माझ्यासमोर एक वाचक त्यांचीच कादंबरी घेऊन उभा होता. दुपारची वेळ होती. पहिली शिफ्ट सुटून तो तसाच आला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट, काखेत हेल्मेट. फोनवर ताईंचे यजमान दिगंबरराव होते. "मेधाताई, वत्सला गेली हो," एवढंच त्यांना बोलता आलं. पुढचं त्यांच्या मुलानं सांगितलं. मी फोन ठेवला, पण हातातलं काम पुढं सरकेना. काय झालं, असं समोरच्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं. त्यानं पुस्तक उलटं करून मागचा फोटो बराच वेळ पाहिला. आपल्या चाकणच्या कँटीनवर एका बाईंनी कादंबरी लिहिलीय, हे त्यानं कालच घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं म्हणे. मग म्हणाला, "मॅडम, द्या नोंदवून. आजच वाचायला घेतो." वत्सलाताईंना वाहिलेली ती पहिली श्रद्धांजली... नंतर पेपरांत पुष्कळ काही छापून आलं, पण मला अजून तीच मोठी वाटते.

पिंपरीत मी हे छोटं वाचनालय चालवायला लागले, तेव्हा रहस्यकथांचं कपाट सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. कारखान्यातली माणसं शिफ्टला जाता-येता पुस्तक बदलून न्यायची. पिशवीत डबा आणि डब्याच्या खाली खून. वत्सलाताई माझ्याकडे आल्या त्या याच कपाटाच्या वाचक म्हणून. त्या कोर्टात लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात आणि ते टाइप करायचं, हे त्यांचं काम. माहेर आणि सासर दोन्ही परभणीकडचं. दिगंबररावांना भोसरीत फिटरची नोकरी लागली तसं कुटुंब कासारवाडीत आलं आणि इथलंच झालं. ताईंचं बोलणं मात्र परभणीचंच राहिलं. दिवसभर कोर्टात खरे गुन्हे ऐकून ही बाई संध्याकाळी पुन्हा खोटे खून कशाला वाचते, असं मला वाटायचं. एकदा विचारलंही. त्या हसून म्हणाल्या, "अगं, कोर्टात शेवट लौकर येत नाई."

पण त्यांची एक तक्रार असायची. पुस्तक परत देताना त्या टेबलाशी टेकून सांगायच्या, की यातला खुनी हुशार, त्याला पकडणारा त्याहून हुशार, आणि जिचा खून झाला ती बाई मात्र पहिल्या पानावर आडवी पडलेली, ती शेवटपर्यंत आडवीच. ती कोण होती, तिला भाजी कोणती आवडायची, तिच्या मागं घरी कोण रडलं, हे लेखकाला विचारावंसंच वाटत नाही. रहस्यकथांना नाक मुरडणाऱ्यांतल्या त्या मुळीच नव्हत्या. उलट कुणी त्यांना हलकं साहित्य म्हटलं तर त्यांना राग यायचा. जीव लावलेल्या गोष्टीत काही कमी दिसलं की माणूस जसं बोलतो, तसं त्या बोलायच्या.

ही तक्रार कुठून आली होती, ते मला फार उशिरा कळलं. मधली काही वर्षं त्यांची नेमणूक खेडच्या कोर्टात होती. नाशिक फाट्यावरून बस धरायची आणि चाकणमार्गे रोज जाऊन-येऊन करायचं. तिथं एका खुनाचा खटला चालला. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या शोभा नावाच्या तरुण बाईला शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसानं मारलं होतं. शोभाची आई हौसाबाई दर तारखेला गावाहून यायची आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून राहायची. तिची साक्ष झाली त्या दिवशी ती सारखं शोभा, शोभा म्हणत होती. कागदावर मात्र कोर्टाच्या रीतीप्रमाणे 'मयत' उमटत होतं. मयत ही माझी मुलगी. मयत सकाळी कामास जात असे. मयत हिस एक मुलगी आहे... ही रीत सगळीकडचीच, त्यात कुणाचा दोष नाही. पण साक्ष संपल्यावर हौसाबाई ताईंच्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, समदं लिवलं तुमी. पर माझ्या पोरीचं नाव लिवलं का?"

ताईंनी तिला सुरुवातीचं पान दाखवलं. तिथं नाव होतं. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या जागेवर नुसतं बोट टेकवलं आणि ती निघून गेली. खटल्याचा निकाल लागला, गुन्हेगाराला शिक्षा झाली. झालं, गोष्ट संपली, असंच कुणीही म्हटलं असतं. ताई मला म्हणाल्या, "मेधा, मी आयुष्यभर टाइप केलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला लिहायचंय."

लिहायला त्यांना निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. घरात मुलाचं शिक्षण होतं, सासूबाईंचं आजारपण होतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्या सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलाशी बसायच्या आणि भाजी निवडायची वेळ होईपर्यंत उठायच्या नाहीत. कादंबरीचं नाव ठेवलं 'जनरल शिफ्ट'. त्यात शोभाची रंजना झाली, गाव बदललं, खोल्या बदलल्या, खुनाचं कारण बदललं, तपास करणारी एक फौजदार बाई आली. पण लिहून झाल्यावर त्या अडल्या. मला म्हणाल्या, की एवढं सगळं बदललं तरी मूळ दुःख हौसाबाईचं आहे, तिला विचारल्याशिवाय हे छापता येणार नाही. मी म्हटलं, कादंबरीसाठी अशी परवानगी कुणी घेत नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठं बाकीच्यांचं सांगायलेय? माझं सांगायलेय."

आम्ही दोघी हौसाबाईच्या गावी गेलो. चाकणच्या पुढं बस बदलून, मग शेताच्या कडेनं पायी. हौसाबाईनं ताईंना लगेच ओळखलं, "टायपाच्या बाई" म्हणून. ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हौसाबाईला भीती होती ती नातीची, शोभाच्या मुलीची. पोरगी शाळेत जात होती, तिला कुणी बोट दाखवायला नको. नाव बदललंय हे कळल्यावर ती म्हणाली, मग वाचून दाखवा. त्यानंतर कितीतरी रविवार ताई तिथं जाऊन ओट्यावर बसून कादंबरी वाचून दाखवत होत्या. एका रविवारी मी बरोबर होते. खुनाचं प्रकरण आलं तेव्हा ताईच वाचता वाचता थांबल्या. हौसाबाई म्हणाली, "वाचा. मला म्हाईत हाय ते." शेवटचं पान झालं तेव्हा ती उठून आत गेली. आतून पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "बाई, ग्वाड लिवलंय. पर तुमची रंजना लई गप गप हाय. माझी पोर लई हसायची."

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटलं, त्या खट्टू झाल्यात. घरी गेल्यावर त्यांनी कादंबरीचा सुरुवातीचा सगळा भाग बाजूला काढला आणि नव्यानं लिहायला घेतला. आज जो वाचतो त्याला ती रंजना भेटते, ओढणी कंबरेला खोचून तव्यावरच्या पोळीशी बोलणारी, सुपरवायझरची नक्कल करणारी, स्वतःच्याच विनोदावर आधी हसून मग तो सांगणारी. तिचा खून होतो तोपर्यंत वाचक तिच्या प्रेमात पडलेला असतो, म्हणून तो खून सहन होत नाही. पुस्तक आलं तेव्हा रहस्यकथेत खून एवढ्या उशिरा कसा, असं काहींनी लिहिलं. माझ्या वाचनालयात मात्र त्या पुस्तकाच्या प्रती कपाटात राहीनात. मोबाइल आल्यापासून इकडं न फिरकलेले जुने वाचक ते मागायला आले. एक फोर्कलिफ्ट चालवणारे गृहस्थ पुस्तक परत करताना म्हणाले, त्यांच्या कँटीनमधल्या बाईचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मग मुंबईहून वेब सीरिज करणारी माणसं आली. रावेतला एक्स्प्रेसवेच्या अलीकडे एका हॉटेलात भेट ठरली आणि ताई मला सोबत घेऊन गेल्या. माणसं वाईट नव्हती. त्यांनी पुस्तक मनापासून वाचलं होतं. सध्या खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टींना मोठी मागणी आहे, औद्योगिक पट्टा पडद्यावर आलेलाच नाही, असं ते उत्साहानं सांगत होते. फक्त काही बदल हवे होते. सुरुवात प्रेतापासून करायची. फौजदार बाईऐवजी दारूच्या आहारी गेलेला पुरुष अधिकारी आणायचा. आणि रंजनाचं बाहेर काहीतरी प्रकरण दाखवायचं, म्हणजे संशयाला जागा होते. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की रंजना हसते ते कधी येणार? त्यांच्यातला एक जण म्हणाला, दुसऱ्या भागात थोडं दाखवू. पहिल्या दहा मिनिटांत खून झाला नाही तर प्रेक्षक उठून जातो.

"जाऊ द्या," ताई म्हणाल्या. "जे थांबतील त्यांच्यासाठी करू."

त्यांना ते थट्टेतलं वाटलं असावं, कारण ते हसले. ताईंनी नमस्कार केला आणि आम्ही उठलो. घरी यावरून बरंच बोलणं झालं. मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं; पुस्तक हजारांपर्यंत जातं, पडदा लाखोंपर्यंत, थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडलं? ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. मेलेल्या बाईवर एकदा खोटा आळ घेतला, की तो पुसायला ती येत नाही. आणि रंजनाच्या आड शोभा आहे, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी हौसाबाईला माहीत आहे. मला स्वतःला तेव्हा वाटलं, की दार बंद झालं. नंतर बराच काळ कुणी फिरकलंही नाही. ताई दुसरी कादंबरी लिहीत बसल्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी हळहळ व्यक्त केली नाही.

दार उघडलं ते ऋतुजामुळे. ही रावेतलाच वाढलेली मुलगी. वडील चाकणला इंजिनिअर, आणि हिनं नोकरी सोडून सिनेमाचं शिक्षण घेतलं. तिनं 'जनरल शिफ्ट'वर मराठीत सीरिज करायचं ठरवलं, बरोबर सगळी नवखी मंडळी. पहिल्याच भेटीत तिनं ताईंना सांगितलं, पहिला पूर्ण भाग रंजनाच्या हसण्याचा ठेवणार, आणि प्रेत दाखवणारच नाही. फक्त तिची रिकामी जागा दिसेल, करपलेली पोळी दिसेल. ताईंनी तिथल्या तिथं होकार दिला. चित्रीकरणाला त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणाला काही शिकवायच्या नाहीत. फक्त एकदा त्यांनी रंजना झालेल्या मुलीला जवळ बोलावून सांगितलं, की हसताना तोंडावर हात नको धरूस.

सीरिज प्रसिद्ध व्हायच्या आधी पहिला भाग आम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला. हौसाबाईला आणायला ताई स्वतः गाडी करून गेल्या. आता कॉलेजात शिकणारी नातही आजीबरोबर आली. तिला सगळं ठाऊक होतं; आजीनंच सांगितलं होतं. दोघी पुढच्या रांगेत बसल्या. पडद्यावर रंजना पोळी लाटता लाटता खो खो हसली तेव्हा हॉलही हसला. मी मात्र हौसाबाईकडे पाहत होते. दिवे लागल्यावर ताईंनी वाकून तिला विचारलं, कसं वाटलं. हौसाबाईनं विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "माझी शोभा अशी न्हाई हसायची. ती निराळं हसायची." ताईंचा चेहरा उतरला. तशी हौसाबाईनं त्यांचा हात धरला. "पर हसली, ते लई बरं झालं."

पुढं सीरिजची चर्चा झाली, मुंबईच्या वर्तमानपत्रांनी लेख लिहिले, गुन्ह्यांच्या गोष्टी अशाही सांगता येतात असं मोठे लोक म्हणाले. पहिल्या दहा मिनिटांत कुणी उठून गेलं नाही. ताई अशा लेखांची कात्रणं ठेवायच्या नाहीत. मीच ठेवली आहेत. आमच्या या धुराच्या, ट्रकच्या, भोंग्यांच्या पट्ट्यातून हे निघालं आणि ज्या बाईनं ते लिहिलं ती माझ्या टेबलाला टेकून पुस्तकांची तक्रार करायची, याचा मला इतका अभिमान आहे की तो लपवावासाही वाटत नाही. त्यांचं आजारपण थोडक्यात आटोपलं. शेवटच्या भेटीत त्या दवाखान्यातही शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या गावचं विचारत होत्या. दशक्रियेला हौसाबाई आली होती, नातीचा हात धरून. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बायकांबरोबर पोळ्या लाटायला बसली.

परवा मी कासारवाडीला दिगंबररावांना भेटायला गेले. ते जेवणाच्या टेबलाशी ताईंच्या जागेवर बसले होते. चष्मा लावून 'जनरल शिफ्ट' वाचत होते. मला आश्चर्य वाटलं, कारण बायकोचं एवढं नाव झालं तरी त्यांनी तिचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "ती घरात होती तवर पुस्तक कशाला वाचायचं? तीच बोलायली होती की समोर. आता वाचायलोय." मी चहा केला. मग त्यांनी पानावर बोट ठेवून पुस्तक मिटलं. रंजना गेली होती, तिची लेक एकटी दारात उभी होती, तिथंपर्यंत ते आले होते. आता पुढं जायचा धीर होत नव्हता.

"मेधाताई," ते म्हणाले, "खुनी कोण ते सांगू नका. त्या पोरीला शेवटी कोण नेतं, तेवढं सांगा."

"आजी नेते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं.