पोटरीसाठी तीन थेंब

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की माझ्या उजव्या पायाची पोटरी आता पूर्ण बरी आहे. ‘सर्व संबंधित’ म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातली आणि आसपासची यच्चयावत मराठी कुटुंबं. कारण नोव्हेंबरातल्या त्या शनिवारपासून देवळात, इंडियन ग्रोसरीत, गॅस स्टेशनवर जो भेटतो तो पोटरीची चौकशी करतो आणि मग माझ्या डोक्याकडे बघून हसतो.

डोक्याकडे का, ते सांगतो.

आमच्या मंडळाच्या बॅडमिंटन डबल्स स्पर्धा सुरू केल्या दामले काकांनी. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, ताठ, निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या लोकांना झोपवलं आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या सभांमध्ये तेच काम विनामूल्य केलं (हे त्यांचंच वाक्य, माझी हिंमत नाही). स्पर्धेचा कपही त्यांनी स्वतःच आणलेला. पण तो जिंकणं काही त्यांना जमलं नव्हतं. सात वेळा फायनल, सात वेळा हार. त्यातल्या शेवटच्या चार हारींमध्ये त्यांचा पार्टनर मी होतो, हेही सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कोणीतरी सांगेलच.

आणि यंदा काका-काकू घर विकून मुलाकडे ऑस्टिनला निघाले होते. कायमचे.

“मुकुंदा,” काका मला म्हणाले, “मीच आणलेला कप मी दरवर्षी दुसऱ्यांना वाटतो. एकदा तरी तो माझ्या शोकेसमध्ये बसू दे. मग मी टेक्सासच्या उन्हात वाळायला मोकळा.”

आम्ही फायनलला पोचलो (समोरच्या दोन जोड्यांना बेबीसिटर मिळाली नाही. पण पोचलो). आणि फायनलच्या चार दिवस आधी सराव करताना माझी पोटरी धरली. खोटं कशाला बोलू? सराव करताना नाही. सराव संपवून गाडीत बसताना.

आमची मुलगी इरा फिजिकल थेरपी शिकते. तिने पोटरी दाबली. मी ओरडलो.

“बाबा, इट्स अ स्ट्रेन. माइल्ड आहे. टू वीक्स, नो बॅडमिंटन.”

“अगं, शनिवारी फायनल आहे!”

“देन यू हॅव अ प्रॉब्लेम.”

“पण माइल्ड म्हणालीस ना?”

“बाबा, मी ‘नो’ पण म्हणाले.”

तेवढ्यात आमच्या हिने, म्हणजे सुचेताने, आपलं कपाट उघडलं. दोन वर्षांपासून सुचेता एसेन्शियल ऑइल्सच्या नादाला लागली आहे. अंगठ्याएवढ्या तपकिरी बाटल्या, ओळीत. झोपेला लव्हेंडर, उत्साहाला लिंबू, सर्दीला निलगिरी आणि खेळाडूंच्या दुखऱ्या स्नायूंना पेपरमिंट. तिने मला ‘खेळाडू’ म्हटलं, तिथेच मी विरघळलो.

“आई, वास छान येतो. गार वाटतं. त्याने मसल हील नाही होत,” इरा म्हणाली.

“तुझ्या पुस्तकात नसेल,” सुचेता म्हणाली.

शनिवारी सकाळी सुचेता बटाटेवड्यांच्या ड्यूटीवर हॉलला लवकर गेली. जाताना दारातून मला बजावलं, “दोन चमचे खोबरेल घे. त्यात तीन थेंब पेपरमिंट. पोटरीला हलक्या हाताने लाव आणि मग साबणाने हात धू.”

“तीन थेंबांनी काय होणार?”

“मुकुंद. तीन.”

ती गेली. आता इथे आमच्या घराण्याचं तेलविषयक धोरण सांगणं भाग आहे. आम्ही साताऱ्याचे. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे आई मोठी वाटी भरून तेल कोमट करायची आणि ते अंगात जिरेपर्यंत चोळायची. थेंब मोजायचे ते डोळ्यांच्या औषधाचे. तेल वाटीने! मी स्टीलची वाटी काढली, खोबरेल कोमट केलं आणि बाटली उपडी केली. एक थेंब पडला. दुसरा पडला. मग मला त्या बाटलीचा राग आला. मी तोंडावरचं प्लास्टिकचं बूच उपटलं आणि अख्खी बाटली वाटीत रिकामी केली.

चोळलं. जिरवलं. वरून घट्ट इलॅस्टिकचा पट्टा चढवला. दोन मिनिटांत उजव्या पायाला हिमवर्षाव सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला त्याच बर्फाला आग लागली. पण दुखणं? गायब! दुखणं गायब, पोटरी गायब, पाऊल कुठे पडतंय तेही कळेना. काकांनी चाळीस वर्षांत दिली नसेल अशी भूल मी दोन डॉलरच्या खोबरेलातून मिळवली होती.

उरले हात. दोन्ही तळवे तेलाने चकचकीत. आणि इथे माझ्याकडून ती चूक झाली, जी आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाकडूनच होते. लहानपणी मालिश झाली, की मी हात पुसायला फडकं शोधायचो आणि आई ओरडायची, “फडक्याला काय पाजतोस तेल? डोक्याला लाव!” सत्तेचाळीस वर्षांची सवय. हात आपोआप वर गेले. फरक एवढाच, की तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. आता तेल जिरायला जागाच नाही. ते टकलावर नुसतं साचून राहिलं.

गाडीत इराने नोव्हेंबरच्या थंडीत चारही काचा उघडल्या.

“बाबा, किती थेंब?”

“आईने सांगितले तसेच.”

“बाबा, माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय.”

“थंडीचं येतं,” मी म्हणालो.

हॉल म्हणजे शाळेची जिम. खचाखच भरलेली. समोर निखिल आणि त्याचा रूममेट अथर्व, दोघेही जवळच पीएचडी करणारे, मिळून वय पन्नासच्या आत. एकच गेम, एकवीस पॉइंटचा. काका जिवाच्या आकांताने खेळत होते, मी बधिर पायाने त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतो. स्कोअर तेरा-अठरा. आमचे तेरा.

आणि मला घाम फुटला.

कपाळावरून तो सरळ डोळ्यांत उतरला. एकटा नव्हे, पेपरमिंटला सोबत घेऊन! मी रॅकेट टाकली. दोन्ही डोळे गच्च मिटले आणि गालांवरून धारा लागल्या. नाक वाहायला लागलं. खांदे गदगदायला लागले.

हॉल एकदम शांत झाला.

“अगं बाई,” करंदीकर काकूंचा आवाज आला, “दामल्यांच्या जाण्याचं मनाला लावून घेतलंय हो मुकुंदने! माया लागते ती अशी!” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काका जवळ आले. पाठीवर हात ठेवला. “अरे वेड्या, रडतोस काय? ऑस्टिन काही चंद्रावर नाही.”

मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. “काका, ते... ते...” एवढंच निघालं आणि वाफेने घसा बंद झाला. “बोलू नकोस,” काका म्हणाले, आणि त्यांचाही आवाज कापला.

पलीकडून निखिल म्हणाला, “यार, मला बाबांची आठवण यायला लागली.” आणि त्याने पुढची सर्व्हिस नेटमध्ये मारली. चौदा.

इथे वाचकांनी मला नावं ठेवू नयेत. चौदा झाल्यावर मी डोळे पुसले नाहीत. पंधराला एक हुंदका जास्तीचा दिला. अथर्व शटल असं अलगद टाकत होता, जणू आजीला गोळी देतोय. सतरा, अठरा. कोर्टाच्या टोकाला वड्यांच्या टेबलामागे सुचेता उभी होती. अख्ख्या हॉलमध्ये इरा सोडली तर तिलाच तो वास ओळखीचा होता. तिने मला शोधलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि हात उंच करून तीन बोटं दाखवली.

“शाबास वहिनी!” कोणीतरी ओरडलं. “तीनच पॉइंट राहिले! कम ऑन, मुकुंद!”

एकवीस-एकोणीस. काका जिंकले! लोक उभे राहिले. काकू रडल्या, करंदीकर काकू रडल्या, मी तर थांबतच नव्हतो. काकांनी कप छातीशी धरला, दुसऱ्या हातात माइक घेतला. चाळीस वर्षांच्या आठवणी सांगितल्या. डोळे मात्र कोरडे. मग म्हणाले, “मी आयुष्यात कधी लोकांसमोर रडलो नाही. पण आज या मुकुंदाने मला जे दिलं...” आणि त्यांनी माइकवाल्या हातानेच मला जवळ ओढलं. काका सहा फूट, मी पाच-चार. त्यांचा गाल आणि डावा डोळा थेट माझ्या टकलावर टेकला.

तीन सेकंद काही झालं नाही. मग काका किंचाळले. माइकमध्ये.

“अरे! अरे डोळा! काय लावलंयस हे?”

“पेपरमिंट,” मी म्हणालो. “पोटरीसाठी. पोटरी धरली होती.”

हॉलला समजायला थोडा वेळ लागला. निखिलला सगळ्यांत आधी समजलं. “म्हणजे तुम्ही रडत नव्हता? मुकुंदकाका, नॉट फेअर यार! मॅच परत!”

काकांनी कप आणखी घट्ट धरला. एक डोळा लालबुंद, मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी आधी माझ्या पोटरीकडे बघितलं, मग हळूहळू वर, माझ्या डोक्याकडे. आणि माइक चालूच आहे याची पर्वा न करता म्हणाले:

“मॅच परत नाही आणि कपही परत नाही! दुखत होता पाय, तेल लावलंय डोक्याला. चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढली मुकुंदा, पण इतकं अचूक निदान कोणी केलेलं पाहिलं नाही!”