समईसमोरचं यंत्र

कोंदट खोलीत कार्बन डायऑक्साइड किती साठलाय, हे सांगणारं स्वस्त यंत्र मी आमच्या पुण्यातल्या कॉलेजात बनवलं होतं. परदेशी इन्फ्रारेड दिवा परवडणारा नव्हता, म्हणून कसबा पेठेतून टॉर्चचा जुन्या पद्धतीचा चिमुकला बल्ब आणला. तो तापला की न दिसणारे उष्ण किरण सोडतो. त्यातले काही हा वायू गिळतो आणि उरलेले किती पलीकडे पोचले, त्यावरून आकडा दिसतो. इतकं साधं.

उद्घाटन अर्थातच दीपप्रज्वलनाने. आमच्याकडे आगीचा बंब आला तरी त्याच्यासमोर समई लावतील. फोटोत दोन्ही यावं म्हणून समई ठेवली यंत्राला खेटून. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून सभागृहाच्या खिडक्याही लावून घेतल्या. वाती पेटल्या, आकडा भराभर चढला आणि यंत्र कोकलायला लागलं.

"सर, समई जरा लांब ठेवू या का?" मी विभागप्रमुखांना विचारलं.

"अहो, लावलेली समई हलवत नाहीत, विझवायची तर नाहीच. तुमचं ते बंद करा."

वायर उपसून केलं बंद. मग प्रमुख पाहुणे त्या बंद यंत्राच्या उपयुक्ततेवर तासभर बोलले. पहिल्या रांगेतले ज्येष्ठ प्राध्यापक पेंगले, मागच्या रांगा तर पार आडव्या झाल्या. मलाही जांभया आवरेनात.

आभार मानताना विभागप्रमुख म्हणाले, "आज सगळे इतके सुस्त का, कळायला मार्ग नाही."

मार्ग होता. त्याची वायर माझ्या हातात होती.