डोरीनचं रिंगण

ॲन्झॅक दिनाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियात युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणदिनाचं, संचलन आटोपलं, की ब्रोकन हिलमधल्या आमच्या क्लबच्या मागच्या अंगणात टू-अप या नाणी उडवायच्या जुगाराचं रिंगण भरतं. रिंगणाचा कारभार डोरीन ट्रेगेन्झाकडे असायचा. तिने आयुष्यभर शाळेचं उपाहारगृह चालवलं. पोरांच्या गोंगाटात तयार झालेला तिचा आवाज थेट फाटकापर्यंत पोचतो.

खेळ सोपा आहे. उडवणारा मधोमध उभा राहतो, लाकडी पट्टीवर दोन जुनी पेनी नाणी ठेवतो आणि उंच भिरकावतो. दोन्ही छापे पडले तर छापावाले जिंकतात, दोन्ही काटे पडले तर काटावाले. एक छापा, एक काटा आला तर पुन्हा उडवायचं. छाप्यावर लावणारा नोट डोक्यावर धरतो. ज्याला काट्यावर लावायचं असेल, तो आपली नोट त्याच्या हातात देतो. बोलायची गरज नाही. नोट हातात आली की पैज लागली.

त्यात डोरीनने स्वतःचा एक नियम घातला होता: रिंगण सांभाळणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी खेळायचं नाही, खेळलं तर रिंगण सोडायचं. क्लबातल्या क्लाइडचा डोरीनच्या जागेवर डोळा होता, त्यामुळे त्याला हा नियम तोंडपाठ होता.

त्या दिवशी वारा सुटला होता. डोरीनचा नवरा नेव्हिल कडेला सॉसेज भाजत होता. गिऱ्हाइकाने दिलेली नोट अजून हातातच होती, तोच टोपी उडायला लागली, म्हणून त्याच हाताने त्याने ती दाबून धरली. खाणीत काम करणाऱ्या डार्सीने ते पाहिलं, आपली नोट त्याच्या बोटांत खोचली आणि तो रिंगणाकडे वळला.

"उडव!" डोरीन गरजली.

दोन्ही छापे पडले.

"जिंकलात की, आजोबा!" डार्सी नेव्हिलला म्हणाला.

"कसला जिंकलो? तुला कांद्यासकट हवंय ना?"

हशा पिकला. क्लाइड तेवढा हसला नाही. "डोरीन, तुझा नवरा खेळला."

"अरे, टोपी धरली होती मी!" नेव्हिल कळवळून म्हणाला. "मला वाटलं, हा सॉसेजचे पैसे देतोय!"

"जाऊ दे ना, डोरीन," डार्सी म्हणाला. "हरलो मी, आणि माझी काही तक्रार नाही. तू कशाला सोडतेस?"

डोरीनने नवऱ्याच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं. "आजवर किती जणांनी मला सांगितलं, 'मी डोकं खाजवत होतो.' एकाचंही ऐकलं नाही. आता घरच्याचं ऐकू होय?"

तिने पट्टी आणि नाणी क्लाइडच्या हातात ठेवली. तो गडबडलाच. तिच्याशी भांडावं लागेल, अशा तयारीने तो आला होता.

"डोरे, चिडलीस?" नेव्हिलने हळूच विचारलं.

"तुझे सॉसेज करपतायत, ते बघ."

त्याच्या हातातली एक नोट तिने ओढून घेतली, गर्दीत घुसून पुढची जागा पकडली आणि नोट डोक्यावर धरली.

"काट्यावर कोण आहे रे? या लवकर! इतकी वर्षं नुसती बघत आले मी. आणि क्लाइड, आवाज काढ की जरा, पुटपुटतोस काय!"