डब्लिनमध्ये घर मिळेना

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर माझी लेक मिता रडली नाही. पाच वर्षांची होती. आजीचा पदर धरून उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "मी कधी येऊ?" मी म्हटलं, "घर भेटलं की लगेच बोलावते." तिच्या वडिलांपासून मी वेगळी झाले होते. माझ्यामागे होते ते माझे आईबाबाच. आई म्हणाली, "पोरीची फिकर नोको करू वं. तू पयले राहाचं पाय." डब्लिनच्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी हातात होती. मला खरंच वाटलं होतं, अवघड होतं ते झालं, घर काय, मिळून जाईल.

मिळालं नाही. आधी आणखी दोघी नर्सेसबरोबर एका खोलीत राहिले. तिथं लेकरू आणायला परवानगी नव्हती. ड्यूटी सुटली की युनिफॉर्मवरच जॅकेट चढवून मी घरं पाहायला पळायची. घर म्हणजे एक बेडरूम, खिडकीखाली काळी बुरशी, आणि तेवढं पाहायला फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत रांग. प्रत्येक एजंट आधीच्या घरमालकाची शिफारस मागायचा. ती कुठून आणू? मी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. बाबा तिथं ऑपरेटर. खिडक्यांवरची राख पुसायची आणि क्वार्टरमध्ये राहायचं. घरमालक नावाचा माणूस आमच्या आयुष्यात नव्हताच.

तो आला बाबा रिटायर झाल्यावर. नागपुरात भाड्याचं घर शोधताना सगळं जमत यायचं, चहासुद्धा व्हायचा, मग आडनावाचा विषय निघायचा. आम्ही बौद्ध. बाबा घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणायचे, "आडनाव आयकलं अन् रूम भरली." मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या आडनावाचा अर्थ कोणाला कळणार नाही अशा गावी जायचं.

गेले तशा गावी. तिथं माझ्या मेलना उत्तरंच येईनात. वॉर्डातली ओर्ला, तिथलीच मुलगी, म्हणाली, "मी पाठवून बघते." तेच घर, माझाच मजकूर, फक्त खाली तिचं नाव. आमचा चहा संपायच्या आत उत्तर आलं, उद्या बघायला या. दोघी गेलो. एजंट ओर्लाकडे बघून हसत हसत किचन, बाथरूम दाखवत राहिला. "घर हिला हवंय," ओर्ला म्हणाली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कळवतो," म्हणाला. कळवलं नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हटलं, "बाबा, इथं त्यांना आपलं आडनाव वाचताही येत नाही, पण हे त्यांच्यातलं नाही एवढं बरोबर कळते." बाबा म्हणाले, "बरं. उद्या कोणतं पाहून राहिली?"

पुढं एका निवृत्त बसड्रायव्हरनं स्वतःच्या घराचा खालचा मजला दिला. "कोण कोण राहणार?" एवढंच त्यानं विचारलं. "मी आणि माझी मुलगी." त्यानं किल्ली दिली. आई मिताला घेऊन आली तोवर पोरीचे समोरचे दात पडून नवे आले होते. ते मी व्हिडिओवरच पाहिले होते. आई परत गेल्यावरही भूक लागली की मिता आजीलाच हाक मारायची, आणि मी ओट्याशी उभी असायची. हा राग कोणावर काढायचा, ते मला आजही कळलेलं नाही.

काही वर्षांनी तो म्हातारा घरमालक वारला. मुलांनी घर विकायला काढलं. मी बँकेची मंजुरी मिळवली, बोली लावली. मुलांनी ती मान्यही केली. आईनं तिकडं पेढे वाटले. मग कोणीतरी जास्त दिले आणि मुलांनी शब्द फिरवला. करारावर सही झाली नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी काहीच झालं नव्हतं. आम्ही शहराच्या पार टोकाला, पुन्हा भाड्यानं.

तुम्ही नागपूरच्या मैत्रिणी फोनवर विचारता, "अजून घर नाही घेतलं काहून?" तुमच्यातलीच एखादी समजूत घालते, माणसं असतात तिथं घर असतं गं. असं म्हणणारीच्या नावावर बेसा नाहीतर मनीषनगरात फ्लॅट असतो. मला हे पटत नाही. माझ्यासारख्या इकडं आलेल्यांनाही पटत नसणार. घर म्हणजे जिथून तुम्हाला कोणी ऊठ म्हणू शकत नाही ती जागा. तेवढंच मागते आहे, आणि तेच मिळत नाही.

या फ्लॅटमध्ये येऊन महिने झाले तरी मिताचं एक खोकं टेपसकट कोपऱ्यात होतं. परवा मी विचारलंच, "हे काहून नाही उघडलं वं?" ती आता बारा वर्षांची आहे. बाहेर इंग्रजी बोलते, माझ्याशी मात्र आजीची बोली.

"मंग पुन्हा भरा लागते ना," ती म्हणाली. चिडून नाही, सहज.

मी कात्री आणली आणि टेप कापली. आत पुस्तकं होती, फुटबॉलचे बूट होते, जुन्या शाळेतल्या मैत्रिणींचा फोटो होता. पुस्तकं दोघींनी मिळून फळीवर लावली. बूट तिनं स्वतः दाराशी नेऊन ठेवले. त्या वेळी बाहेरून कोणी आलं असतं, तर त्याला वाटलं असतं, इथं कोणीतरी कायमचं राहतं.